क्विन्सी वॉट्स

क्विन्सी वॉट्स (जन्म : १९ जून १९७०, डेट्रॉईट, मिशिगन) हे अमेरिकेचे माजी धावपटू आणि मैदानी खेळांचे प्रशिक्षक आहेत. बार्सिलोना येथे १९९२ साली झालेल्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४०० मीटर धावणे आणि ४ × ४०० मीटर रिले या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे रिलेचा विश्वविक्रम करणाऱ्या अमेरिकी संघात ते दुसऱ्या क्रमांकावर धावले. तो विक्रम २०२५ अखेरपर्यंत मोडला गेलेला नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मैदानी क्रीडा विभागाचे ते २०२१ पासून संचालक आहेत.

धावपटू म्हणून वॉट्स जगाच्या अग्रभागी राहिले तो काळ जेमतेम दोन-तीन हंगामांचा होता. प्रशिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द त्याहून कितीतरी लांब आहे आणि एका फेरीच्या शर्यतीच्या इतिहासात त्यांचे नाव आज दोन्ही बाजूंनी येते. मायकेल नॉर्मन आणि राय बेंजामिन हे त्यांचे सर्वांत नामांकित शिष्य होत.

शालेय जीवन

वॉट्स यांचा जन्म डेट्रॉईटचा असला तरी खेळाडू म्हणून त्यांची जडणघडण लॉस एंजेलिसमध्ये झाली. शहराच्या वुडलंड हिल्स भागातील टॅफ्ट हायस्कूलमध्ये ते शिकले. या वयात ते ४०० मीटरचे धावपटू नव्हते. १०० आणि २०० मीटर या अतिवेगाच्या शर्यती हेच त्यांचे क्षेत्र होते आणि त्यांत त्यांनी कॅलिफोर्निया राज्याची शालेय विजेतेपदे मिळवली. लोकसंख्या मोठी, हवामान वर्षभर सरावाला अनुकूल आणि शाळाशाळांतून धावमार्ग उपलब्ध, यांमुळे कॅलिफोर्नियाची राज्य स्पर्धा अमेरिकेतील सर्वांत कठीण शालेय स्पर्धांमध्ये गणली जाते. तेथे जिंकणाऱ्या मुलाकडे विद्यापीठांचे लक्ष जाणे स्वाभाविकच होते. वॉट्स यांनी शहरातीलच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची निवड केली. पुरुषांच्या मैदानी स्पर्धांमध्ये या विद्यापीठाची परंपरा फार जुनी असून राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतील सांघिक विजेतेपदांच्या संख्येत ते अमेरिकेत आघाडीवर आहे.

चारशे मीटरकडे वळण

विद्यापीठातील सुरुवातीची वर्षे वॉट्स यांच्यासाठी निराशेची ठरली. मांडीच्या मागील स्नायूंच्या दुखापती त्यांना वारंवार होत राहिल्या. ज्या खेळाडूला वेगाच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन धावावे लागते त्याच्या बाबतीत हे स्नायू नेहमीच सर्वाधिक ताणाखाली असतात, आणि एकदा फाटलेला स्नायू पुन्हा त्याच जागी फाटण्याची भीती असते.

या टप्प्यावर जिम बुश यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. बुश यांनी आपली बहुतेक कारकीर्द यूसीएलए या शेजारच्या आणि कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठात घडवली होती. तेथे त्यांनी वेन कॉलेट आणि जॉन स्मिथ यांसारखे ४०० मीटरचे धावपटू तयार केले होते. पुढे, आयुष्याच्या उत्तरार्धात, ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. सुमारे १ मीटर ९० सेंटीमीटर उंचीच्या, लांब पल्ल्याच्या टांगा टाकणाऱ्या वॉट्स यांनी छोट्या अंतराचा हट्ट सोडून ४०० मीटर धावावे, असा आग्रह बुश यांनी धरला. वॉट्स यांच्या आयुष्यातील हा निर्णायक बदल होता. दुखापतींमुळे सक्तीने घेतलेले वळण म्हणून त्याकडे पाहता येईल, परंतु पुढील घटना पाहता ही निवड मुळातच योग्य होती असे म्हणावे लागते.

त्याचे कारण या शर्यतीच्या स्वरूपात आहे. कोणताही माणूस पूर्ण ४०० मीटर आपल्या कमाल वेगाने धावू शकत नाही. पहिल्या काही सेकंदांत स्नायूंतील तयार ऊर्जा संपते. त्यानंतर पुरेशा प्राणवायूविना साखरेचे विघटन करून ऊर्जा मिळवावी लागते, आणि या क्रियेबरोबर स्नायूंतील आम्लता वाढत जाते. शेवटच्या १०० मीटरमध्ये सर्वच स्पर्धकांचा वेग घटतो. दुरून पाहणाऱ्याला विजेता अखेरीस वेग वाढवतो असे वाटते, पण प्रत्यक्षात त्याचा वेग इतरांपेक्षा कमी प्रमाणात घटत असतो. ज्याचा मूळ वेग अधिक, त्याला पहिले २०० मीटर ठरावीक वेळेत धावण्यासाठी कमी जोर लावावा लागतो आणि त्याची शिल्लक मोठी राहते. २०० मीटरच्या धावपटूकडे ही पुंजी आधीच असते. प्रश्न उरतो तो ती अखेरपर्यंत पुरवण्याच्या सरावाचा, आणि तो सराव अतिशय कष्टाचा असल्यामुळे वेगवान धावपटू सहसा या शर्यतीच्या वाटेला जात नाहीत.

नव्या शर्यतीतील वॉट्स यांची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय कामगिरी १९९१ साली टोकियोच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत झाली. वैयक्तिक शर्यतीत त्यांना स्थान नव्हते. रिलेच्या अंतिम फेरीत मात्र ते अमेरिकेकडून दुसऱ्या क्रमांकावर धावले. ती शर्यत ब्रिटनने केवळ ०.०४ सेकंदाने जिंकली आणि अमेरिकेला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. ब्रिटनच्या ख्रिस अकाबुसी यांनी अखेरच्या क्षणी मिळवलेला तो विजय इतका गाजला की पराभूत संघातील दुसऱ्या धावपटूच्या फेरीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

१९९२ : बार्सिलोना

१९९२ च्या उन्हाळ्यात वॉट्स यांनी प्रथम राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतील ४०० मीटरचे विजेतेपद मिळवले. त्यानंतरची अमेरिकेची ऑलिंपिक निवड चाचणी ही त्या वर्षी प्रत्यक्ष ऑलिंपिकपेक्षा सोपी नव्हती. प्रत्येक देशाला तीनच स्पर्धक पाठवता येतात, आणि अमेरिकेत तेव्हा ४४ सेकंदांच्या आसपास धावणारे अनेक होते. डॅनी एव्हरेट ४३.८१ सेकंदांत पहिले आले. १९८८ चे ऑलिंपिक विजेते स्टीव्ह लुईस आणि वॉट्स यांनीही संघात स्थान मिळवले. ४३.२९ सेकंदांचा विश्वविक्रम ज्यांच्या नावावर होता ते बुच रेनल्ड्स उत्तेजक चाचणीवरून झालेल्या बंदीविरुद्ध न्यायालयात लढत होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ते निवड चाचणीत धावले, परंतु बार्सिलोनाला त्यांना जाता आले नाही.

ऑलिंपिकच्या उपांत्य फेऱ्या ३ ऑगस्ट रोजी झाल्या. त्यांपैकी एका शर्यतीत ब्रिटनच्या डेरेक रेडमंड यांचा स्नायू फाटला आणि प्रेक्षागारातून धावत आलेल्या वडिलांच्या खांद्यावर मान टाकून त्यांनी फेरी पूर्ण केली. बार्सिलोनाच्या ४०० मीटरची आठवण निघाली की बहुतेकांना हेच दृश्य आठवते. दुसऱ्या उपांत्य शर्यतीत वॉट्स यांनी ४३.७१ सेकंदांची वेळ नोंदवली. ली इव्हान्स यांनी १९६८ साली मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत केलेला ४३.८६ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम त्यामुळे २४ वर्षांनी मोडला. विशेष म्हणजे ज्या दुखण्याने रेडमंड यांची शर्यत संपवली तेच दुखणे वॉट्स यांना या शर्यतीकडे घेऊन आले होते.

दोन दिवसांनी, ५ ऑगस्टला, अंतिम फेरी झाली. एव्हरेट तोपर्यंत स्पर्धेतून बाहेर पडले होते. वॉट्स यांनी ४३.५० सेकंदांत शर्यत जिंकून दोन दिवसांपूर्वीचा आपलाच विक्रम मागे टाकला. स्टीव्ह लुईस ४४.२१ सेकंदांसह दुसरे आणि केनियाचे सॅमसन किटुर ४४.२४ सेकंदांसह तिसरे आले. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातील ०.७१ सेकंदाचे अंतर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत क्वचितच दिसते. त्या दिवसापर्यंत रेनल्ड्स यांचा विश्वविक्रम सोडला तर इतिहासात कोणीही याहून वेगाने ४०० मीटर धावले नव्हते. वॉट्स तेव्हा २२ वर्षांचे होते.

८ ऑगस्टच्या रिलेमध्ये अँड्र्यू व्हॅल्मन, वॉट्स, मायकेल जॉन्सन आणि स्टीव्ह लुईस असा अमेरिकेचा संघ होता. या शर्यतीत पहिला धावपटू पूर्ण फेरी आपल्या मार्गिकेतच धावतो. दुसऱ्या धावपटूला मात्र पहिले वळण संपताच आतल्या मार्गिकेकडे वळण्याची मुभा असते. त्यामुळे आतली जागा प्रथम पटकावण्याची जबाबदारी त्याच्यावर येते आणि त्याने घेतलेली आघाडी पुढच्या दोघांचे काम सोपे करते. वॉट्स यांनी आपली फेरी ४३.१ सेकंदांत पूर्ण केली. रिलेतील फेरीची वेळ वैयक्तिक शर्यतीशी थेट ताडून पाहता येत नाही, कारण बॅटन घेणारा धावपटू आधीच गतिमान असतो. तरीही तोवर रिलेत नोंदली गेलेली ती सर्वांत वेगवान फेरी होती. अमेरिकेने २ मिनिटे ५५.७४ सेकंदांत शर्यत जिंकली. २ मिनिटे ५६.१६ सेकंदांचा जुना विश्वविक्रम १९६८ च्या अमेरिकी संघाचा होता आणि १९८८ च्या संघाने त्याची बरोबरी केली होती. रौप्यपदक मिळवणारा क्यूबाचा संघ पावणेचार सेकंदांहून अधिक मागे होता.

व्यावसायिक कारकीर्द आणि स्टुटगार्ट

विद्यापीठीय स्पर्धांचा काळ संपल्यावर वॉट्स व्यावसायिक धावपटू म्हणून युरोपातील निमंत्रित स्पर्धांत उतरले. व्यावसायिक धावपटूचे उत्पन्न मुख्यतः सहभागाचे मानधन आणि बुटांच्या कंपन्यांशी केलेले करार यांवर अवलंबून असते. संघ नाही, ठरलेला पगार नाही, आणि एक दुखापत झाली की हंगाम बुडतो, असे हे जीवन आहे. ऑलिंपिक विजेत्याला त्यातल्या त्यात बरी किंमत मिळते, पण तीही पुढच्या शर्यतीपुरतीच.

ऑगस्ट १९९३ मध्ये स्टुटगार्टला विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली. प्रत्येक वैयक्तिक विजेत्याला मोटारगाडी बक्षीस देण्याची घोषणा झाल्यामुळे ती स्पर्धा विशेष चर्चेत होती. बंदी संपवून परतलेले रेनल्ड्स, २०० मीटरसोबत आता ४०० मीटरवरही हक्क सांगणारे मायकेल जॉन्सन आणि ऑलिंपिक विजेते वॉट्स अशी तिरंगी लढत अपेक्षित होती. ती झाली नाही. अंतिम शर्यत सुरू असताना वॉट्स यांच्या बुटाचा तळवा सुटला. जॉन्सन यांनी ४३.६५ सेकंदांत शर्यत जिंकली, रेनल्ड्स दुसरे आणि किटुर तिसरे आले. वॉट्स ४५.०५ सेकंदांसह चौथे राहिले. बूट धड राहिला असता तर काय घडले असते याची चर्चा नंतर पुष्कळ झाली. जॉन्सन त्या दिवशी ज्या गतीने धावले ती पाहता सुवर्णपदक हुकलेच असते असे मानायला जागा आहे. पण किटुर यांची वेळ ४४.५४ सेकंद होती, आणि तेवढ्यात धावणे ही वॉट्स यांच्या दृष्टीने असाधारण गोष्ट नव्हती.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, २२ ऑगस्टला, रिलेची अंतिम फेरी झाली. व्हॅल्मन, वॉट्स, रेनल्ड्स आणि जॉन्सन या क्रमाने अमेरिकेचा संघ धावला. वॉट्स यांनी ४३.५९ सेकंदांची फेरी नोंदवली. त्यांच्यानंतर रेनल्ड्स यांनी ४३.३६ आणि जॉन्सन यांनी ४२.९४ सेकंदांत आपापल्या फेऱ्या पूर्ण केल्या. एकूण वेळ २ मिनिटे ५४.२९ सेकंद झाली आणि बार्सिलोनाच्या विक्रमात जवळजवळ दीड सेकंदाची सुधारणा झाली. दुसऱ्या क्रमांकावरील केनियाचा संघ साडेपाच सेकंद मागे होता. अशा अंतराने जिंकणाऱ्या संघाला शेवटच्या फेरीत कोणाचाही पाठलाग नसतो, म्हणजे हा विक्रम केवळ घड्याळाशी झुंजून झाला.

या विक्रमाचा पुढचा प्रवास सरळ नाही. जुलै १९९८ मध्ये न्यूयॉर्कजवळील युनियनडेल येथे गुडविल क्रीडास्पर्धेत जेरोम यंग, अँटोनियो पेटिग्रू, टायरी वॉशिंग्टन आणि मायकेल जॉन्सन यांच्या संघाने २ मिनिटे ५४.२० सेकंदांची वेळ देऊन तो मोडला. सुमारे दहा वर्षे विक्रमांच्या यादीत हीच नोंद होती. २००८ मध्ये पेटिग्रू यांनी त्या काळात उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली न्यायालयात दिली. त्यानंतर १९९८ ची वेळ रद्द करण्यात आली आणि स्टुटगार्टची नोंद पुन्हा विश्वविक्रम ठरली. त्यामुळे वॉट्स यांचे नाव, ते निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, विश्वविक्रमवीरांच्या यादीत परत आले.

उतरणीचा काळ

स्टुटगार्टनंतर वॉट्स यांना १९९२ ची पातळी पुन्हा गाठता आली नाही. दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नव्हती, आणि दुसरीकडे जॉन्सन यांनी ४०० मीटरवर असे वर्चस्व मिळवले की पुढची काही वर्षे इतरांसाठी दुसरा क्रमांकच खुला राहिला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये वॉट्स नव्हते. तेथे जॉन्सन यांनी ४३.४९ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले आणि वॉट्स यांचा ऑलिंपिक विक्रम एका शतांश सेकंदाने मोडला. बार्सिलोनाच्या रिलेचा ऑलिंपिक विक्रम मात्र २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत टिकला. ४३.५० ही वॉट्स यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम वेळ राहिली. म्हणजे बाविसाव्या वर्षी, एका संध्याकाळी, ते जेथे पोहोचले होते तेथे पुन्हा पोहोचणे त्यांना जमले नाही.

प्रशिक्षक

स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर वॉट्स यांनी लॉस एंजेलिस परिसरातच शालेय खेळाडूंना शिकवण्यास सुरुवात केली. ऑलिंपिक विजेता थेट मोठ्या विद्यापीठात किंवा राष्ट्रीय संघात रुजू होतो अशी सर्वसाधारण कल्पना असते. वॉट्स यांचा मार्ग तसा नव्हता. वाढत्या वयातील मुलांना शिकवत त्यांनी बरीच वर्षे काढली आणि त्यानंतर ते आपल्या विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून परतले. केरिल स्मिथ गिल्बर्ट त्या वेळी तेथे संचालक होत्या. धावण्याच्या छोट्या अंतरांपैकी ४०० मीटर आणि रिले ही वॉट्स यांची मुख्य जबाबदारी होती.

या काळातील विद्यापीठाचा सर्वांत भरभराटीचा हंगाम २०१८ चा. मायकेल नॉर्मन हे सॅन डिएगोत जन्मलेले, जपानी मातेचे पुत्र. शालेय वयातच त्यांची गणना देशातील अव्वल धावपटूंमध्ये होत होती. राय बेंजामिन हे यूसीएलए सोडून सदर्न कॅलिफोर्नियात आले होते. जिम बुश यांनीही एके काळी हाच रस्ता ओलांडला होता. मार्च २०१८ मध्ये टेक्सासमधील कॉलेज स्टेशन येथे झालेल्या बंदिस्त धावमार्गावरील राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत नॉर्मन ४४.५२ सेकंदांत धावले. त्याच दिवशी नॉर्मन व बेंजामिन यांचा समावेश असलेल्या रिले संघाने ३ मिनिटे ०.७७ सेकंदांची वेळ दिली. बंदिस्त धावमार्गावर त्याआधी एवढ्या वेगाने कोणी धावले नव्हते. परंतु संघातील चारही जण एका देशाचे नसल्यामुळे रिलेची वेळ विश्वविक्रम म्हणून मान्य होऊ शकली नाही. बेंजामिन त्या वेळी अँटिग्वा आणि बार्बुडाचे खेळाडू म्हणून नोंदलेले होते.

जूनमध्ये ओरेगनमधील यूजीन येथे खुल्या मैदानावरील स्पर्धा पावसात झाली. नॉर्मन यांनी ४३.६१ सेकंदांत ४०० मीटर जिंकले. बेंजामिन यांनी ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ४७.०२ सेकंदांत पूर्ण केली आणि एडविन मोझेस यांच्या १९८३ मधील सर्वोत्तम वेळेची बरोबरी साधली. दोघांच्याही वेळा विद्यापीठीय विक्रम ठरल्या. महिलांच्या विभागात सांघिक विजेतेपदाचा निकाल शेवटच्या रिलेवर आला होता. केंडल एलिस यांनी अखेरच्या सरळ टप्प्यात अशक्य वाटणारे अंतर कापून ती शर्यत जिंकली आणि सदर्न कॅलिफोर्नियाने जॉर्जिया विद्यापीठावर ५३-५२ अशी एका गुणाने मात केली.

नॉर्मन आणि बेंजामिन यांनी त्यानंतर विद्यापीठीय स्पर्धा सोडून व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश केला, पण प्रशिक्षक म्हणून वॉट्स यांनाच कायम ठेवले. एप्रिल २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे नॉर्मन ४३.४५ सेकंदांत धावले. गुरूच्या बार्सिलोनातील वेळेपेक्षा ही वेळ पाच शतांश सेकंदांनी सरस होती. जून महिन्यात रोम येथे २०० मीटरमध्ये त्यांनी १९.७० सेकंदांसह नोआ लाइल्स यांना दोन शतांशांनी हरवले, आणि २०२० मध्ये १०० मीटर ९.८६ सेकंदांत पूर्ण केले. १०० मीटर १० सेकंदांच्या आत, २०० मीटर २० सेकंदांच्या आत आणि ४०० मीटर ४४ सेकंदांच्या आत धावणारे ते दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन नीकर्क यांच्यानंतरचे दुसरेच धावपटू. २०० मीटरच्या वेगावर ४०० मीटर उभारण्याचा जो प्रयोग बुश यांनी वॉट्स यांच्यावर केला, त्याची पुढची आवृत्ती नॉर्मन यांच्यात दिसते.

मोठ्या स्पर्धांनी मात्र नॉर्मन यांची बराच काळ परीक्षा पाहिली. २०१९ च्या दोहा विश्व अजिंक्यपद स्पर्धेत ते उपांत्य फेरीतच बाद झाले. साथीमुळे वर्षभर पुढे गेलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, त्यांना वैयक्तिक शर्यतीत पाचव्या क्रमांकावर राहावे लागले. त्याच स्पर्धेत बेंजामिन अडथळ्यांची शर्यत ४६.१७ सेकंदांत धावले. त्या महिन्यापूर्वी इतिहासात कोणीही ही शर्यत एवढ्या वेगाने धावले नव्हते, आणि तरीही त्यांना रौप्यपदक मिळाले, कारण नॉर्वेचे कार्स्टन वॉरहोम यांनी ४५.९४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. रिलेत नॉर्मन पहिल्या आणि बेंजामिन शेवटच्या क्रमांकावर धावले. अमेरिकेने २ मिनिटे ५५.७० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ही वेळ वॉट्स यांच्या बार्सिलोनाच्या संघापेक्षा ०.०४ सेकंदाने कमी होती. जुलै २०२२ मध्ये यूजीन येथे नॉर्मन यांनी ४४.२९ सेकंदांत विश्वविजेतेपद मिळवले. १९९३ साली वॉट्स यांच्या हातून निसटलेले पदक अशा रीतीने त्यांच्या शिष्याला मिळाले.

बेंजामिन यांच्या तयारीत जोआना हेझ यांचाही मोठा वाटा आहे. हेझ यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिलांची १०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली होती. बेंजामिन यांच्या यशाचे श्रेय केवळ वॉट्स यांना देणे योग्य होणार नाही.

पॅरिस, २०२४

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९ ऑगस्ट २०२४ रोजी बेंजामिन यांनी ४६.४६ सेकंदांत अडथळ्यांची शर्यत जिंकली. दोहा, टोकियो व यूजीन येथील रौप्य आणि बुडापेस्ट येथील कांस्य अशा चार पदकांनंतरचे हे त्यांचे पहिले वैयक्तिक सुवर्ण होते. दुसऱ्याच दिवशी ४ × ४०० मीटर रिलेत क्रिस्टोफर बेली, व्हर्नन नॉर्वूड आणि ब्राइस डेडमन यांच्यानंतर त्यांनी बॅटन घेतले. त्यांच्या पाठीशी बोट्स्वानाचे लेत्सिले टेबोगो होते, ज्यांनी दोनच दिवसांपूर्वी २०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले होते. बेंजामिन यांनी आघाडी शेवटपर्यंत राखली. अमेरिकेची वेळ २ मिनिटे ५४.४३ सेकंद आणि बोट्स्वानाची २ मिनिटे ५४.५३ सेकंद नोंदली गेली.

हा नवा ऑलिंपिक विक्रम होता. स्टुटगार्टचा विश्वविक्रम त्यातून ०.१४ सेकंदाने वाचला. चार जणांनी मिळून १,६०० मीटर धावताना एवढे अंतर म्हणजे अखेरच्या रेषेपाशी सव्वा मीटरच्या आसपास. बॅटन देताघेताना एका हाताची किंचित घाई झाली असती तरी हे अंतर मिटले असते, आणि तसे घडले असते तर विक्रमांच्या यादीत वॉट्स यांच्या नावाची जागा त्यांच्याच शिष्याच्या नावाने घेतली असती.

संचालकपद

स्मिथ गिल्बर्ट २०२१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात गेल्यावर वॉट्स यांची संचालकपदी नेमणूक झाली. हे काम स्वरूपाने वेगळे आहे. धावणे, उड्या आणि फेकीचे सर्व प्रकार, पुरुष आणि महिला असे दोन संघ, खेळाडूंची भरती आणि शिष्यवृत्त्यांची वाटणी, हे सर्व संचालकाच्या अखत्यारीत येते. सांघिक गुण सर्व प्रकारांतून मिळवावे लागतात, त्यामुळे केवळ ४०० मीटरचे चांगले धावपटू असून भागत नाही. त्यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाच्या पुरुष संघाने २०२५ मध्ये बंदिस्त मैदानावरील राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. १९७२ नंतर हे विजेतेपद त्यांना प्रथमच मिळत होते. जूनमध्ये यूजीन येथे खुल्या मैदानावरील स्पर्धेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाशी ४१ गुणांवर बरोबरी झाली आणि विजेतेपद दोघांना विभागून देण्यात आले. १९७६ नंतर सदर्न कॅलिफोर्नियाच्या पुरुषांना तोपर्यंत हा मान मिळालेला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोकियो येथे बेंजामिन यांनी ४६.५२ सेकंदांत अडथळ्यांच्या शर्यतीचे आपले पहिले विश्वविजेतेपद मिळवले. १९९१ साली वॉट्स यांच्या संघाने ०.०४ सेकंदाने सुवर्ण गमावले होते, ते याच शहरात.